वर्ग सांभाळणारं साधन आणि भाषा शिकवणारं अ‍ॅप: नवख्या शिक्षकाने निवड कशी करावी

ऑनलाइन भाषावर्ग सुरू करायचं ठरलं की पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो, गूगल क्लासरूम घ्यावं की ड्युओलिंगो? विचारणाऱ्याचा यात दोष नाही, कारण दोन्ही नावं बहुतेक वेळा एकाच यादीत वाचायला मिळतात. पण हे म्हणजे हजेरीपट घ्यावा की शब्दकोश, असं विचारणं झालं. पहिलं साधन वर्ग चालवतं. कुणाला काय काम दिलं, कुणी ते केलं, शिक्षकाने त्यावर काय शेरा मारला, हे सगळं ते एका जागी ठेवतं. दुसरं साधन एकेका विद्यार्थ्याला गाठून शब्द आणि वाक्यरचना त्याच्या डोक्यात बसवायचा प्रयत्न करतं. त्यामुळे या दोघांची तुलना आपसात करायचीच नाही. वर्गाच्या साधनाची तुलना वर्गाच्या साधनांशी करायची, अ‍ॅपची अ‍ॅपशी, आणि मग दोघांमधून काय ये-जा होते ते पाहायचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पायरी १: आधी कागद घ्या

कुठलंही खातं उघडण्याआधी तुमच्या वर्गाच्या एका आठवड्यात कोणकोणती कामं होतात ते लिहून काढा. धडा पाठवणं, गृहपाठ गोळा करणं, वह्या तपासणं, शब्दांची उजळणी, मोठ्याने वाचून घेणं, चाचणी, पालकांना निरोप. प्रत्येक कामापुढे दोनच गोष्टी लिहा: त्यात तुमचा किती वेळ जातो आणि ते तुम्हीच करायला हवं का.

हा कागद झाला की निवड अर्धी होते. निबंध तपासताना तुम्ही नसाल तर चालणार नाही. पण त्याच पन्नास शब्दांची चौथ्यांदा उजळणी घ्यायला तुमची गरज नाही, ते यंत्र तुमच्यापेक्षा चिकाटीने करतं. ज्या कामात माणूस लागतो ते वर्गाच्या साधनात जाईल, निव्वळ पुनरावृत्ती अ‍ॅपकडे जाईल. उरलं ते, विशेषतः समोरासमोर बोलणं, थेट तासासाठी राखून ठेवायचं. थेट तासाचं व्हिडिओ साधन ही तिसरीच गोष्ट आहे. तिथे फार चिकित्सा करू नका, विद्यार्थ्यांना आधीपासून जे वापरता येतं ते घ्या.

पायरी २: वर्गाचं साधन निवडा

नवख्यांसाठी चार नावं पुरेशी आहेत.

गूगल क्लासरूम २०१४ मध्ये आलं. सुरुवात करायला सर्वांत सोपं हेच. वर्ग तयार करा, जो कोड मिळेल तो विद्यार्थ्यांना द्या, ते आत येतात. आतली मांडणी समजायला अर्धा तास पुरतो: घोषणांची जागा वेगळी, कामांची वेगळी, माणसांची यादी वेगळी, गुण वेगळे. भाषाशिक्षकाने यातली एक सोय पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. असाइनमेंटला फाइल जोडताना ‘प्रत्येक विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र प्रत’ हा पर्याय निवडा. म्हणजे गाळलेल्या जागांचा एकच कागद तुम्ही बनवता, प्रत्येकाच्या हातात त्याची स्वतःची प्रत पडते आणि तुम्ही प्रत्येकाच्या समासात शेरा लिहू शकता. हा पर्याय निवडायचा राहिला तर अख्खा वर्ग एकाच कागदावर लिहायला जातो नाहीतर कुणालाच लिहिता येत नाही, आणि नव्या शिक्षकाचा पहिला तास तिथेच संपतो.

मायक्रोसॉफ्ट टीम्स थोडं जड वाटतं, कारण ते मुळात कार्यालयांसाठी बनलेलं आहे. पण त्यातलं ‘रीडिंग प्रोग्रेस’ भाषावर्गासाठी मोलाचं आहे. २०२१ मध्ये ते आलं. विद्यार्थी दिलेला उतारा मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करतो, सॉफ्टवेअर गाळलेले आणि चुकीचे उच्चारलेले शब्द दाखवतं, आणि यंत्राचं ऐकण्यात चुकलं असेल तर शिक्षक ती खूण दुरुस्त करू शकतो. वीस जणांचं वाचन तासाभरात ऐकणं ज्यांनी कधी करून पाहिलंय, त्यांना या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

मूडल सगळ्यांत जुनं आणि सगळ्यांत खोल. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात ते सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ साली आली. मुक्त स्रोत असल्यामुळे सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण ते ठेवायला सर्व्हर लागतो आणि त्या सर्व्हरची काळजी घेणारा माणूस लागतो. तो माणूस तुमच्याकडे नसेल तर मूडल घेऊ नका, किंवा कुणीतरी चालवून देत असेल तरच घ्या. मात्र भाषा शिकवणाऱ्याला मूडलमध्ये जे मिळतं ते इतरत्र सहज मिळत नाही. त्यातल्या शब्दसंग्रहात विद्यार्थी स्वतः नोंदी भरू शकतात, आणि तशी सोय चालू केली की तो शब्द अभ्यासक्रमात कुठेही आला तरी त्याचा दुवा आपोआप तयार होतो. प्रश्नपेढीत एकाच प्रश्नाची अनेक उत्तरं मान्य करता येतात, आणि अर्धवट बरोबर उत्तराला अर्धे गुणही देता येतात. विभक्तीचा प्रत्यय बरोबर पण लिंग चुकलं, अशा उत्तराला शून्य देणं अन्यायाचं असतं. तो अन्याय इथे टाळता येतो.

चौथं कॅनव्हास. महाविद्यालयांत ते खूप दिसतं. तपासताना शेरा लिहिण्याऐवजी आवाजात मुद्रित करून देता येतो, ही त्यातली सोय उच्चार शिकवणाऱ्यांना आवडेल. संस्थेने आधीच घेतलेलं असेल तर तेच वापरा. एकट्या शिक्षकाने मुद्दाम त्यामागे जावं असं मला वाटत नाही.

थोडक्यात माझा सल्ला: एकटे असाल, विद्यार्थी तीसच्या आत असतील आणि तांत्रिक मदत नसेल, तर गूगल क्लासरूम. वाचन-उच्चारावर भर असेल आणि संस्थेकडे मायक्रोसॉफ्टची खाती असतील, तर टीम्स. अभ्यासक्रम वर्षानुवर्षं तोच राहणार असेल आणि प्रश्नपेढी उभारायची असेल, तर मूडल.

पायरी ३: भाषेचं अ‍ॅप निवडताना एकच प्रश्न

अ‍ॅपमध्ये किती भाषा आहेत, चित्रं किती सुंदर आहेत, हे बाजूला ठेवा. ते विद्यार्थ्याकडून काय करून घेतं, एवढंच विचारा. समोर चार पर्याय दिसत असताना बरोबर शब्द ओळखणं वेगळं आणि कोऱ्या जागी तो शब्द मनातून काढून लिहिणं वेगळं. पहिलं जमलं म्हणून दुसरं जमत नाही. नव्या शिक्षकांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. मुलं अ‍ॅपवर भराभर पुढे जातात, आणि वर्गात साधं वाक्य बोलायला सांगितलं की गप्प होतात.

शब्द टिकवण्याचं शास्त्र मात्र पक्कं आहे आणि ते समजून घेतलं की निवड सोपी होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून, ते किती वेगाने विसरले जातात हे मोजलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. विसरण्याचा वेग सुरुवातीला खूप असतो आणि मग मंदावतो. पुढे १९६७ मध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल पिम्सलर यांनी उजळणीचं वेळापत्रक सुचवलं: ५ सेकंद, २५ सेकंद, २ मिनिटं, १० मिनिटं, १ तास, ५ तास, १ दिवस, ५ दिवस, २५ दिवस, ४ महिने, २ वर्षं. शब्द विसरायच्या बेतात असतानाच तो पुन्हा समोर आणायचा, ही त्यामागची कल्पना. आजची बहुतेक अ‍ॅप्स याच विचाराच्या कुठल्या ना कुठल्या रूपावर चालतात. फरक एवढाच, की आता अंतर सगळ्यांसाठी सारखं नसतं. कोणता शब्द कुणाला कितपत अवघड जातो ते पाहून ते ठरतं.

हा विचार सर्वांत उघडपणे दिसतो तो अंकी या अ‍ॅपमध्ये, ज्यात पुढे शब्द आणि मागे अर्थ अशा कार्डांवर उजळणी होते. जपानीत या शब्दाचा अर्थच पाठांतर. २००६ पासून ते उपलब्ध आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर मोफत आहे, आयफोनवर विकत घ्यावं लागतं. दिसायला रुक्ष आहे, पण कार्डं तुमची, शब्द तुमच्या धड्यातले, आवाजही तुमचाच घालता येतो. शब्दांची यादी तक्त्यात करा, सीएसव्ही (तक्त्याची साधी मजकूर-फाइल) म्हणून साठवा, अंकीत आयात करा, आणि तयार झालेला डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, वर्गाच्या साधनातून सगळ्यांना द्या. एक सावधगिरी घ्या. दिवसाला २० नवी कार्डं हा अंकीचा मूळचा आकडा नवख्यांना जड जातो, कारण नव्या कार्डांच्या मागोमाग जुन्यांची उजळणी साचत जाते. मी विद्यार्थ्यांना ७ किंवा ८ वर आणायला सांगते. अंकीत शिक्षकासाठी वेगळा पडदा नाही. कोण किती करतंय हे तुम्हाला दिसणार नाही. तो विश्वासाचा व्यवहार आहे.

ड्युओलिंगो २०१२ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि २०१५ पासून त्याचा शाळांसाठीचा भाग मोफत मिळतो. तिथे वर्ग करता येतो, काम देता येतं, कोण किती पुढे गेलं ते पाहता येतं. रोज पाच मिनिटं बसायची सवय लावण्यात याच्याइतकं चांगलं दुसरं नाही. पण शब्दांचा क्रम त्यांचा असतो, तुमच्या धड्याचा नसतो. म्हणून ते तुमच्या अभ्यासक्रमाची जागा घेणार नाही, शेजारी चालेल. क्विझलेटमध्ये शब्दांचे संच तुम्ही बनवता आणि ते अंकीपेक्षा खूप सोपं आहे. लहान मुलांना तेच द्या. बुसूमध्ये विद्यार्थ्याने लिहिलेलं वाक्य ती भाषा मातृभाषा असलेले लोक तपासतात. लेखनासाठी हे उपयोगी पडतं, पण अनोळखी माणसांशी संबंध येतो, म्हणून फक्त प्रौढांसाठी सुचवते. रोझेटा स्टोन भाषांतर टाळून चित्रांवरून शिकवतं. वस्तू आणि क्रियापदं त्यातून छान बसतात, पण ‘जर’, ‘तरीही’, ‘म्हणूनच’ यांचं चित्र कसं काढणार?

पायरी ४: अ‍ॅप कोणत्या भाषेतून शिकवतं ते पाहा

या मुद्द्याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात, आणि मराठी बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याचा तोटा होतो. बरीच अ‍ॅप्स इंग्रजीतून शिकवतात. फ्रेंचमध्ये ‘त्यु’ आणि ‘व्हू’ असा भेद आहे. ज्याच्या घरात तू आणि तुम्ही रोज वापरलं जातं, त्याला तो समजावायला दोन मिनिटं पुरतात. पण अ‍ॅप दोन्हींच्या वर ‘यू’ असं लिहितं आणि सोपी गोष्ट अवघड होऊन बसते. इंडोनेशियन भाषेत ‘किता’ आणि ‘कामी’ आहेत. किता म्हणजे आपलं ‘आपण’, कामी म्हणजे ‘आम्ही’, इतकं ते नेमकं जुळतं. इंग्रजीच्या ‘वी’मधून गेलं की हा ठेवा हातातून जातो. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजी माध्यमातलं पुस्तक घाबरवतं, पण तो-ती-ते म्हणत वाढलेल्याला तीन लिंगांची कल्पना नवी नसते. फक्त वाटणी वेगळी आहे, तिथे सूर्य स्त्रीलिंगी आणि मुलगी नपुंसकलिंगी.

म्हणून ज्या अ‍ॅपमध्ये अर्थ तुम्हाला स्वतः लिहिता येतो, त्याला मी झुकतं माप देते. कार्डाच्या मागे मराठी लिहा. हे एकदाच केलेलं काम पुढच्या प्रत्येक तुकडीला उपयोगी पडतं.

पायरी ५: दोन आठवडे, तीन विद्यार्थी, एक धडा

संपूर्ण वर्गाला नव्या साधनावर एकदम नेऊ नका. एकदा मी नेलं होतं, एका अ‍ॅपवर, सत्राच्या पहिल्याच दिवशी. आठवडाभर माझा प्रत्येक तास पासवर्ड शोधण्यात गेला आणि दोघी जणी कंटाळून सोडून गेल्या. त्यानंतर मी आधी तिघांवरच चाचणी घेते. एक जण तंत्रज्ञानात तरबेज, एक मध्यम, आणि एक असा की ज्याच्याकडे जुना फोन आणि कमकुवत इंटरनेट आहे. तिसरा विद्यार्थी सर्वांत महत्त्वाचा.

या दोन आठवड्यांत पुढील गोष्टी स्वतः करून पाहा.

विद्यार्थ्याच्या खात्याने आत शिरा. शिक्षकाला दिसतं ते आणि विद्यार्थ्याला दिसतं ते यात बराच फरक असतो. एक दुसरा ईमेल पत्ता यासाठी राखून ठेवा.

मुद्दाम बरोबर पण वेगळं उत्तर द्या. शब्दांचा क्रम बदलून किंवा समानार्थी शब्द घालून पाहा. सॉफ्टवेअर ते चूक ठरवत असेल तर मान्य उत्तरांची यादी वाढवता येते का, ते शोधा. येत नसेल तर त्यात भाषांतराचे प्रश्न देऊच नका, गाळलेल्या जागाच द्या.

लिपी तपासा. फ्रेंचमधलं चिन्ह असलेलं ‘ए’ संगणकात दोन प्रकारांनी साठवता येतं, एकच अक्षर म्हणून किंवा साधं अक्षर अधिक चिन्ह म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण काही साधनं त्यांना वेगळे मानून बरोबर उत्तर चूक ठरवतात. अरबी किंवा उर्दू शिकवत असाल तर उजवीकडून डावीकडे लिहिलेल्या वाक्यात मध्येच आकडा किंवा पूर्णविराम आला की ओळ विस्कटते का, तेही पाहा.

इंटरनेट बंद करून अ‍ॅप उघडा. काय चालतं, काय अडतं, ते तिसऱ्या विद्यार्थ्याला विचारा.

पायरी ६: दोघांना जोडा, पण कमीत कमी

मूडल आणि कॅनव्हाससारखी साधनं एलटीआय नावाच्या मानकातून बाहेरची सॉफ्टवेअरं आत आणू शकतात. विद्यार्थ्याला वेगळं लॉगिन लागत नाही आणि गुण आपोआप गुणतक्त्यात येतात. मोठ्या संस्थेत ते अवश्य करून घ्या. एकट्या शिक्षकाला याची गरज नाही. वर्गाच्या साधनात आठवड्याचं एक काम टाका: ‘या आठवड्यात तुम्हाला सारखे चुकलेले पाच शब्द लिहा आणि त्यातल्या दोन शब्दांची वाक्यं करा.’ बस्स. अ‍ॅपमधले गुण इकडे आणण्यापेक्षा अ‍ॅपमध्ये झालेल्या चुका इकडे आलेल्या कितीतरी बऱ्या, कारण पुढचा तास काय घ्यायचा हे त्या सांगतात.

अ‍ॅपच्या गुणांवर किंवा सलग किती दिवस केलं यावर वर्गाचे गुण कधीही देऊ नका. तसं केलं की हुशार मुलं सर्वांत सोपा धडा पुन्हा पुन्हा करून आकडा वाढवतात. त्यात त्यांचा काय दोष, आपणच त्यांना आकडा मागितलेला असतो.

पातळीच्या बाबतीतही सावध राहा. कौन्सिल ऑफ युरोप या संस्थेने २००१ मध्ये मांडलेल्या भाषापातळ्यांच्या चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत, आणि प्रत्येक पातळीचं वर्णन ‘माणूस त्या भाषेत काय करू शकतो’ अशा शब्दांत केलेलं आहे. अ‍ॅपने ए२ पूर्ण झाल्याचं दाखवलं तर त्या पातळीची चार वर्णनं काढून विद्यार्थ्याकडून प्रत्यक्ष करून घ्या. रस्ता विचारता येतो का? स्वतःच्या कामाबद्दल दोन-तीन वाक्यं बोलता येतात का?

पायरी ७: आत जाण्याआधी बाहेरचा रस्ता पाहून ठेवा

एडमोडो नावाचं वर्गाचं साधन २००८ पासून जगभरचे शिक्षक वापरत होते. २२ सप्टेंबर २०२२ रोजी ते बंद झालं. ज्यांनी आपले धडे आणि प्रश्न वेगळे साठवले होते त्यांचं फारसं बिघडलं नाही, बाकीच्यांना पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागलं. म्हणून खातं उघडल्यावर पहिल्या दिवशीच निर्यातीचं बटण शोधा. मूडलमध्ये अख्ख्या अभ्यासक्रमाचा बॅकअप एका फाइलमध्ये घेता येतो. अंकीचा डेकही एका फाइलमध्ये निघतो. गूगल क्लासरूममधलं साहित्य ड्राइव्हमध्ये असतं, पण सूचना आणि शेरे तसे नसतात, म्हणून महत्त्वाच्या सूचना आधी स्वतःच्या कागदपत्रात लिहा आणि मग तिथे चिकटवा.

लहान मुलांचा वर्ग असेल तर वयाची अट आणि पालकांची संमती आधी पाहा. बऱ्याच सेवांमध्ये १३ वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे नियम असतात. पूर्ण नाव, जन्मतारीख, फोटो यांपैकी जे लागत नाही ते भरू नका. आद्याक्षरांवर आणि टोपणनावांवर वर्ग उत्तम चालतो. मुलांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण घेणार असाल तर ते कुठे साठतं, कधी पुसलं जातं आणि कोण ऐकू शकतं, हे पालकांना लेखी कळवा.

पायरी ८: चौथ्या आठवड्यात पुन्हा तो कागद

पहिल्या पायरीचा कागद काढा आणि तेच वेळेचे आकडे पुन्हा लिहा. तपासण्यात जाणारा वेळ कमी झालाय का? वाचलेला वेळ बोलण्याच्या सरावाला मिळतोय, की नवी साधनं सांभाळण्यात जातोय? विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारा: ‘यातलं काय बंद केलं तर तुमचं अडेल?’ ज्याचं नाव कुणीच घेणार नाही ते त्याच आठवड्यात बंद करा. त्याआधी त्यातला मजकूर उतरवून घ्या, विद्यार्थ्यांची खाती काढून टाका, आणि ती काढल्याचं त्यांना कळवा.